‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात काय लिहू?

प्रगतीपत्रकावर गुण भरणं मला अवघड गेलं नाही. तिसरी-चौथीला शंभरापैकी 60 गुण आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे आणि 40 संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. त्या चाळिसातले 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, 30 लेखीचे. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी तंत्रं ठरवून दिलेली आहेत. बेरीज करायची आणि श्रेणी टाकायची. 91 पासून पुढे अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, असं उतरत उतरत 33 ते 40 ला ड. एक्सेलची शीट एका शिक्षकमित्राने पाठवली होती, त्यात आकडे टाकले की श्रेणी आपोआप येत होती. मग कार्डाची दुसरी बाजू उलटली. तिथे आकडे नव्हते. विशेष प्रगती. आवड व छंद. सुधारणा आवश्यक. प्रत्येक रकान्यात जेमतेम दोन ओळींची जागा, आणि तिथे मला एका मुलाविषयी त्याच्या घरच्यांना काहीतरी सांगायचं होतं.

मी शिक्षणसेवक आहे, नोकरीचं पहिलंच वर्ष. घर सांगली जिल्ह्यातलं आणि नेमणूक बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका वाडीवर. दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. डी.एल.एड.ला असताना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन हे प्रकरण मी पाठ केलं होतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29, महाराष्ट्राचा 20 ऑगस्ट 2010 चा शासन निर्णय, आकारिक आणि संकलितमधला फरक, इयत्तेनुसार भारांश, सगळं मला आजही विचारलं तर सांगता येईल. परीक्षेत त्यावर उत्तरंही चांगली लिहिली होती. पण एका आईला उद्देशून तिच्या मुलीबद्दल चार ओळी लिहून दाखवा, असं त्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. पाठाचं टाचण किती वेळा काढलं, प्रगतीपत्रक एकदाही नाही.

नोंदींच्या पीडीएफ मोबाइलवर फिरत असतात, हे नोकरीत असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सत्र संपत आलं की ग्रुपवर त्या येतातच. विषयवार, इयत्तावार शेकडो वाक्यं. ‘दैनंदिन व्यवहारात प्रमाणभाषेचा वापर करतो.’ ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो.’ ‘गणितीय क्रिया करताना चुका होतात.’ मुलगी असेल तर ‘करतो’चं ‘करते’ करायचं. मी त्या वाक्यांकडे बराच वेळ बघत बसले. एकही वाक्य खोटं नव्हतं. तिसरीतल्या कुठल्याही मुलाची गणितात कधी ना कधी चूक होतेच. पण ते वाक्य घेऊन माझ्या वर्गात फिरले असते तर ते सगळ्याच मुलांना बसलं असतं, आणि जे सगळ्यांना बसतं ते वाचून आपल्या लेकराबद्दल कुणाला काय कळणार?

सरांना विचारलं. ते वीसेक वर्षं नोकरीत आहेत. त्यांनी पीडीएफला नावं ठेवली नाहीत. ती का वापरली जाते हे त्यांनी मला नीट समजावलं, आणि ते मला पटलं. वर्णनात्मक नोंदवही प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची भरायची असते. तपासणीला केंद्रप्रमुख येतात तेव्हा नोंद आहे का, तारीख आहे का, हे पाहिलं जातं. त्यात मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचा हिशेब. एकटा माणूस दोन वर्ग सांभाळून एवढी नवी वाक्यं आणणार कुठून? मग ते म्हणाले, “मॅडम, नोंदवही साहेबांसाठी असती आन् कार्ड घरासाठी. दोन्हीकडं एकच वाक्य पाहिजे असं कुठं लिहिलंय? कार्डावर थोडं लिहा, पण त्या पोराचंच लिहा.” मग त्यांनी अजून एक गोष्ट सुचवली, जी मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. “आधी पोरांना इचारा, कार्ड घरी कोण वाचतं.”

मी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. उत्तरं अशी आली: “दादा वाचतो.” “दुकानवाले काका.” “कुणीच नाय मॅडम, आई पेटीत ठेवती.” आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर, “मीच वाचून दाखवते.”

या एका उत्तराने माझं पुढचं सगळं काम बदललं. मी समजत होते की मी पालकांना लिहिते आहे आणि मूल हा लिहिण्याचा विषय आहे. इथे तर मूलच माझं वाक्य मोठ्याने वाचणार होतं, स्वतःबद्दलचं, आईवडिलांसमोर, चुलीपाशी, शेजारपाजारचे बसलेले असताना. जे मला थेट आईच्या डोळ्यांत बघून सांगता आलं असतं, ते नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून तिच्याविषयी वदवायचं होतं. ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष करते’ हे वाक्य तिने स्वतः वाचायचं आणि मग घरातले काय म्हणतात ते ऐकत उभं राहायचं.

आमच्याकडे पहिल्या सत्राचं कार्ड दिवाळीच्या सुट्टीआधी हातात पडतं, आणि या भागात दिवाळी म्हणजे ऊसतोडीला निघायचे दिवस. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. त्याच आठवड्यात प्रत्येक घरात एक गोष्ट ठरवली जाते: पोरांना न्यायचं की आजीपाशी ठेवायचं. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते आणि ते मागे राहू शकतं. पण मोठी मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळायला ती तिकडे कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत हवी असते. मी सांगलीकडची, त्यामुळे हे मी दुसऱ्या टोकाकडून पाहिलेलं होतं. आमच्या गावाबाहेर उसाच्या पाचटाच्या कोपी पडायच्या आणि आमच्या वर्गात कधीमधी दोन-चार अनोळखी मुलं मागच्या बाजूला येऊन बसायची, मग एक दिवस दिसायची नाहीत. ती कुठल्या शाळेतून येतात हे तेव्हा कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. आता ती माझ्या शाळेतून जात होती.

म्हणजे माझं कार्ड ऐन त्या निर्णयाच्या वेळी घरात पोहोचणार होतं. ‘सुधारणा आवश्यक’खाली ‘अभ्यासात मागे आहे’ असं लिहिलं, की घरात कुणीतरी सहज म्हणणार, तसंही शिकून काय उजेड पडतोय, चल तोडीला. मी हे मनचं सांगत नाही. चौथीतल्या एका मुलाच्या आजीने मला जवळपास याच शब्दांत विचारलं होतं, “त्याला येतंय का काही मॅडम? येत नसंल तर कशाला ठिवायचा हितं?” त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, चौकशी होती. म्हातारीने सहा महिने एक लेकरू सांभाळायचं, तर त्याचा काही उपयोग आहे का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि हा मुलगा खरंच वाचनात मागे होता. खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं, ते योग्यही नव्हतं. खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी पाचवीत तो आणखी अडकणार.

त्या मुलाच्या एका रकान्यासाठी माझी अख्खी संध्याकाळ गेली. तो नेमका कुठे अडतो हेच मला सांगता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवून वाचायला लावलं. काना, वेलांटी, उकार, मात्रा असलेले शब्द तो हळूहळू का होईना वाचत होता. ‘पाऊस’, ‘डोंगर’, ‘विहीर’ बरोबर. ‘रस्ता’ला थांबला. ‘कुत्रा’ चित्र बघून म्हणाला. ‘गोष्ट’ला माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणजे ‘वाचता येत नाही’ हे त्याचं वर्णनच नव्हतं. त्याला जोडाक्षरांपर्यंतचं सगळं येत होतं, आणि पुस्तकातल्या प्रत्येक ओळीत एखादं तरी जोडाक्षर असतं म्हणून तो प्रत्येक ओळीत थांबत होता. मी लिहिलं: ‘साधे शब्द आता स्वतः वाचतो. जून महिन्यात वाचत नव्हता. जोड अक्षर आलं की थांबतो. रोज दुकानाची पाटी, पुड्यावरचं नाव मोठ्याने वाचायला सांगा.’

‘पालकांनी घरी अभ्यास घ्यावा’ हे वाक्य मी मुद्दाम टाळलं. पहाटे चारला उसाच्या फडात जाणाऱ्या आणि दिवस मावळल्यावर परतणाऱ्या माणसाला, किंवा अक्षरओळख नसलेल्या आजीला, ते वाक्य म्हणजे न फेडता येणारं आणखी एक देणं. पुड्यावरचं नाव वाच, हे आजी सांगू शकते. त्याने वाचलेलं बरोबर की चूक हे तिला कळणार नाही, पण तो वाचतो आहे की गप्प आहे एवढं नक्की कळेल.

मग प्रत्येक वाक्य लिहिलं की मी ते वर्गातल्या एखाद्या मुलाला वाचायला देऊ लागले, नाव झाकून. ‘आकलनक्षमता’ला सगळे अडखळले. ‘सर्जनशील’चं एकाने ‘सरजशील’ केलं. तिसरीतल्या मुलाला जे वाचता येत नाही ते त्याच्या घरी कधीच पोहोचणार नाही, म्हणून ते शब्द गेले. ‘चित्रात स्वतःच्या मनाने गोष्टी घालते, शाळेच्या चित्रात तिने टाकी आणि कुत्रंही काढलं’ असं लिहायला जागा जास्त लागते, पण ते सगळ्यांना वाचता आलं. आणि ज्या मुलीचं चित्र होतं ती लाजून बाकाखाली वाकली, म्हणजे नाव झाकूनही तिला ओळखू आलं होतं.

एका मुलीच्या गणिताचं मात्र मला तिच्या घरूनच कळलं. ती हुशार आहे, तिसरीत आहे आणि हातच्याची वजाबाकी चुकते. तिची वही माझ्यापुढे आहे: 52 वजा 27, उत्तर 35. खाली 64 वजा 38, उत्तर 34. चूक प्रत्येक वेळी एकाच जातीची. वरच्या अंकातून खालचा जात नाही म्हटल्यावर ती खालच्यातून वरचा वजा करते. दोनातून सात जात नाही, मग सातातून दोन घालवते, पाच. पीडीएफच्या भाषेत ही ‘गणितीय क्रियेतील चूक’. मी रकान्यात तिची ही नेमकी सवय लिहिणार होते, तेवढ्यात तिची आई शाळेत आली, शिक्षण हमी कार्डाबद्दल विचारायला. हे कार्ड स्थलांतरित मुलांना दिलं जातं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसवून घेतलं जावं. मी म्हटलं, “ताई, बाकी सगळं छान आहे, वजाबाकीत जरा गोंधळते.”

आई एकदम म्हणाली, “ती? ती तर दुकानातून सुट्टे पैशे बरोबर आणती मॅडम. मी शंभराची नोट देती, एक रुपाया इकडचा तिकडं होत न्हाई.”

मी मुलीला तिथेच विचारलं, पन्नासची एक नोट आणि दोन रुपये आहेत, सत्तावीस रुपयांची साखर आणली, किती उरले? तिने वर बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाली, “पंचवीस.” कसं काढलंस? “पन्नासातून सत्तावीस गेले तर तेवीस, आन् हे दोन.” तोंडी तिची वजाबाकी पक्की होती. कागदावर उभी मांडणी केली की तिला त्यात पैसे दिसत नव्हते, नुसते अंक दिसत होते. आई बोलली नसती तर हे मला समजायला आणखी कितीतरी दिवस लागले असते. मी आणि त्या मुलीने मिळून वर्गातल्या खेळण्यातल्या नोटा काढल्या. पाच दहाच्या नोटा आणि दोन नाणी. सात नाणी द्यायची आहेत, आहेत दोनच. मग काय करशील? तिने एक दहाची नोट माझ्याकडे सरकवली, “मोडून द्या.” आई शेजारी उभी राहून बघत होती. हातचा घेणं म्हणजे दहाची नोट मोडणं, हे तिलाही त्याच क्षणी समजलं असावं, कारण ती म्हणाली, “हे मी घेईन की तिच्याकडून. आमच्या मोळ्यांचाबी हिशेब आसतो.”

त्या कार्डावर ‘विशेष प्रगती’त मी लिहिलं, ‘पैशाचा हिशेब तोंडी बिनचूक करते.’ आणि ‘सुधारणा आवश्यक’खाली, ‘वहीत वजाबाकी करताना दहाची नोट मोडायची आठवण करा.’ गुण तेवढेच राहिले. ब-1 ची श्रेणी बदलली नाही. पण या दोन ओळींनी आईच्या हातात करण्यासारखं काहीतरी पडलं, आणि ते तिनेच मला दिलेल्या माहितीतून निघालं होतं.

श्रेणीबद्दलही सांगायला हवं, कारण कार्ड देताना सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता: पास का नापास? ब-2 म्हणजे पास का? क-1 म्हणजे काठावर का? श्रेणी का आणल्या, मुलांची एकमेकांशी तुलना होऊ नये म्हणून, हे मला पाठ होतं. पण मुलांनी कार्डं मिळाल्या मिळाल्या अ-2 आणि ब-1 ची तुलना केलीच, आणि वडीलमाणसांनी अक्षरांचा अर्थ विचारला तेव्हा मी पुन्हा गुणांवर आले. मला वाटतं या बाबतीत कार्डाच्या पाठीमागे श्रेणीचा तक्ता छापून भागत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला तक्ता काय सांगणार? मी शेवटी प्रत्येकाला एकच वाक्य बोलून सांगितलं: या वर्गात जे शिकवलं त्यातलं एवढं त्याला येतं, एवढं यायचं आहे. ड च्याही खालच्या, म्हणजे इ श्रेणीतल्या मुलांना जादा मार्गदर्शन करून निदान ड पर्यंत आणायची जबाबदारी शाळेची असते, हेही मी सांगितलं. ते ऐकून एक वडील म्हणाले, “म्हंजे तुमी सोडून देणार न्हाई.” नाही सोडणार, असं मी म्हटलं.

हमी कार्डाचा वाचक वेगळा. ते कुठल्या तरी साखर कारखान्याजवळच्या शाळेतले शिक्षक वाचतील, तेही ऐन सत्राच्या मध्यावर, वर्ग भरलेला असताना. त्यांना ‘गुणी मुलगी आहे’ हे कळून काय उपयोग? त्यांना हवं असतं, कुठून सुरू करू? म्हणून मी वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवलं: मराठी कुठल्या पाठापर्यंत झालं, वजाबाकी कुठे अडते, पाढे कितीपर्यंत येतात, आणि शेवटी, पहिल्या दिवशी पुढे बसवा, बोलायला वेळ लागेल पण बोलते. हे लिहिताना मला आमच्या गावातल्या वर्गातली ती मागे बसणारी मुलं सारखी आठवत होती. त्यांच्या पिशवीत असा कागद असता तर आमच्या बाईंनी तो नक्की वाचला असता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्यांनी लिहायचं, घर आणि शाळा यांच्यातला तो दुवा व्हावा, असं म्हटलं आहे. ‘दहाची नोट’वाल्या मुलीच्या आईला भेटल्यापासून मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. माझ्या आत्ताच्या कार्डावर पालकांसाठी जागा आहे ती सहीची किंवा अंगठ्याची. नव्या कार्डात पालकांचं मत लिहायला रकाना असेल तर आनंदच आहे, पण आमच्या वाडीवर तो पालकांनी लिहून भरला जाणार नाही. तो विचारून, ऐकून, त्यांच्याच बोलीत आम्ही लिहून घ्यावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल. प्रशिक्षणात आम्हाला रकाने दाखवले जातील याची मला खात्री आहे. त्यासोबत एक दुपार अशी मिळावी की नव्या शिक्षकाने एका खऱ्या पालकासमोर बसावं, त्यांच्या मुलाबद्दल ऐकावं आणि मग दोन ओळी लिहाव्यात. तेवढं झालं तरी माझ्यासारख्या अनेकांची सुरुवात सोपी होईल.

आता दुसऱ्या सत्राची तयारी सुरू आहे. 1 मेला झेंडावंदन झाल्यावर निकाल लागतो. सत्राअखेरीस आठवून लिहायला काही उरत नाही, हे पहिल्या वेळी लक्षात आलं होतं, म्हणून आता मी टेबलावर एक साधी वही ठेवते आणि मुलाने काही नवं केलं की त्याच दिवशी नाव आणि तारीख टाकून अर्धी ओळ लिहून ठेवते. चौथीतला तो मुलगा आजीपाशीच राहिला आहे. वहीत त्याच्या नावापुढे ‘रस्ता, पुस्तक, मिरची पाकिटावरून’ असं लिहिलेलं आहे. काही घरं 1 मेपर्यंत परतलेली नसतील. त्यांची कार्डं फोनवरून वाचून दाखवायची असं सरांनी आणि मी ठरवलं आहे, पलीकडे आवाज नीट येत नाही म्हणून वाक्यं आखूडच ठेवते आहे.